साडूंच्या पेटीतला वाणी

आमच्या थोरल्या साडूंच्या मते पुणे शहरात आजवर एकही वस्तू पूर्ण झालेली नाही. इमारती उभ्या राहिल्या, त्यात माणसं राहायला गेली. पूल झाले, त्यांवरून गाड्या धावल्या, काही पूल तर पाडूनही झाले. पण साडूंना विचारा, ते मान जराशी तिरकी करून म्हणतील, "हं, आता यात एक छोटीशी गोष्ट टाकायला पाहिजे." ही छोटीशी गोष्ट म्हणजे त्यांच्या आणि त्यांच्यापायी आम्हा सगळ्यांच्या डोक्याला झालेला कायमचा ताप आहे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी पत्रिका पाहिली, घराणं पाहिलं, मुलीला गाणं येतं का तेही विचारलं. घरचा थोरला जावई खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हिंडतो का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

माझ्याच लग्नात त्याची फळं भोगली. ऐन मे महिना, मंगलाष्टकं चाललेली, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. मला ती कुरकुर ऐकूही येत नव्हती, नवरदेवाला काय ऐकू येतं? पण तिसऱ्या मंगलाष्टकाला मी अंतरपाटावरून नजर वर केली, तर साडू सोवळं नेसून स्टुलावर चढलेले. चौथ्याला कुरकुर थांबली. पाचव्याला पंखाही थांबला. भटजींच्या कपाळावरचा घाम पोथीवर पडायला लागला, सासरेबुवा खालून "उतरा हो, उतरा" म्हणून हात करत होते, आणि साडू वरून मलाच विचारतात, "कुरकुर गेली की नाही?" गेली होती, नाही कशी म्हणू! तीच गत सदाशिव पेठेतल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे. दवाखान्याचं दार धाडकन लागायचं. माझी दाढ ठणकत होती म्हणून साडू सोबतीला आले होते. मी आत खुर्चीवर पडलो आणि त्यांनी बाहेर दाराची कळ उघडली. तेव्हापासून ते दार इतकं सावकाश लागतं, की पेशंट आत गेल्यावरही पुढची दोन मिनिटं बाहेर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येतं. माझंही ऐकू आलं असणार, कारण मी बाहेर आलो तेव्हा दोन माणसं उठून गेलेली होती. डॉक्टरांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी एकटे या."

बसणं हा प्रकार त्यांना जमतच नाही. जेवताना तीनदा उठतात: एकदा मीठ आणायला, एकदा खिडकीची कडी बघायला आणि एकदा आपण कशाला उठलो होतो ते आठवायला. चहा कपात ओतून झाल्यावर त्यांना आलं आठवतं. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीला फळ्या इतक्या झाल्यात, की भिंत म्हणून बघायला आता जागा उरलेली नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ड्रिल मशीन चालवायच्या वेळा त्यांना स्वतंत्र कागदावर लिहून दिल्यात. बाकी सभासदांना तशी गरज पडली नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई एकदा मला म्हणाल्या, "अहो, पोळी भाजून पानात पडली तरी हे विचारतात, कणकेत ओवा घालता येईल का." यावर साडूंनी मान वर न करता त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "ज्या वस्तूला उघडायला दार नाही ती वस्तू नव्हे, समाधी आहे." ताई म्हणाल्या, "पोळीला कसलं दार?" आणि साडूंनी खरोखर विचार केला हो! हातातला घास तसाच, आणि पोळीकडे बघत बसले.

तीस वर्षं एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवून ते निवृत्त झाले, आणि घरी राहायला लागले. चार महिन्यांत ताईंनीच त्यांच्यासाठी नोकरी शोधली. कोथरूडमध्येच, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, शेतातले पंप आपोआप चालू-बंद करणारी पेटी बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिथे हे सल्लागार म्हणून रुजू झाले. आठवड्याभरात मलाही फोन. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, मला पंपातलं काय कळतं? पण शेतकऱ्यांसाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहायला माणूस हवा होता. "मास्तर, या. सोळा पानांचं काम आहे," ते म्हणाले. सोळा पानांचं काम दीड वर्ष चाललं, आणि त्याला कारणीभूत तो वाणी.

तो वाणी कोण, ते आधी सांगतो. मलाही ते समजून घ्यायला बराच वेळ लागला. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. तिच्या पोटात एक इवलासा कॉम्प्युटर. त्याला जे जे काही लागतं ते सगळं एका गाठोड्यात बांधून पेटीत एकदाच घालतात. या गाठोड्याला ती मंडळी 'इमेज' म्हणतात. जागा किती? तर तुमच्या फोनमधल्या चार-पाच फोटोंना लागेल तेवढी. तेवढ्यात पंप, झडपा, दिवे, वेळापत्रक, सगळा संसार. आणि या एवढ्याशा गाठोड्यात आमच्या साडूंनी 'पॅकेज मॅनेजर' नावाचा एक प्रोग्राम हट्टाने बसवला होता. मी विचारलं, हा काय करतो? साडू खुर्चीतून उठून माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मास्तर, तो वाणी आहे! पेटीत बसलेला वाणी. मी इथून सांगायचं, अमुक एक प्रोग्राम पाहिजे. तो नेटवरून आणतो, त्याच्या जोडीला जे लागतं तेही आणतो, जागच्या जागी मांडून ठेवतो. नको असेल तर उचलून नेतो. पेटी तिकडे मांजरी गावाच्या उसात, मी कोथरूडच्या टेबलाशी. आहे की नाही सोय?" मला तर फारच सोय वाटली. आमच्या घराखालचा वाणी गहू सांगितले तर शेजाऱ्यांकडे देऊन येतो.

पण पल्लवीला ही सोय वाटत नव्हती. पल्लवी हे गाठोडं बांधणाऱ्या खात्याची मुख्य. यवतमाळची मुलगी, वय तिशीच्या आत, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहणारी. आवाज कधी चढत नाही आणि म्हणणं कधी बदलत नाही. रोज अकराच्या चहाला दोघांची जुंपायची. "सर, दोन खोल्यांच्या घरात आपण किराणा दुकान थाटतोय नं," ती म्हणायची. "माणसं झोपतील कुठं?" साडू म्हणायचे, "आणि मीठ संपलं तर?" "संपणार नाही इतकं आधीच भरायचं, सर. आपल्याला माहीत आहे नं, पेटीला काय लागतं ते." "सगळं आधी माहीत असतं का गं माणसाला?" हे म्हणताना साडूंचा आवाज जरा वेगळाच यायचा, पण तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मी चहात बिस्कीट बुडवत होतो.

चाचणीसाठी बारा पेट्या मांजरीच्या बारा शेतांत बसवलेल्या होत्या. वाणी आत असल्यामुळे साडू टेबलाशी बसल्या बसल्या, म्हणजे उभ्या उभ्या, कुठल्याही पेटीत शिरू शकत. आणि शिरायचेच. सकाळी पिशवी खुंटीला लावली की "जरा बघतो" म्हणून सुरू. एका शेतकऱ्याला अमावस्या कळायला हवी होती, त्याच्या पेटीत चंद्राच्या कला टाकल्या. दुसऱ्याचा दिवा त्याच्या म्हशीच्या डोळ्यांवर यायचा, तर त्याचा दिवा मंद. पाच नंबरच्या शेतकऱ्याला वाटलं, लाल दिवा वीज आल्यावर लागावा, लगेच तसं. बारा पेट्यांतल्या कुठल्याही दोन एकसारख्या राहिल्या नाहीत. आणि मी बापडा पुस्तिका लिहितोय! 'लाल दिवा लागल्यास पंप बंद आहे असे समजावे' असं एक साधं वाक्य लिहायची सोय नाही. त्याखाली 'पेटी क्रमांक पाच वगळून'. चंद्राच्या कलांखाली 'आपल्या पेटीत असल्यास'. शेवटी छापखान्यातला माणूस कच्ची प्रत परत देत म्हणाला, "सर, यापेक्षा प्रत्येकाला वेगळं पत्र लिहा." मी चिडून साडूंकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पुस्तिकाच पेटीत टाकू या का?"

अशात दोनशे पेट्यांची मागणी आली. उन्हाळ्याआधी बसवून द्यायच्या होत्या. आता एकच गाठोडं बांधायचं आणि ते दोनशे पेट्यांत जायचं. त्यात वाणी असणार की नसणार, यावर सगळं ऑफिस अडून बसलं. पल्लवी म्हणे, वाणी काढा आणि गाठोडं शिवून टाका. साडू म्हणे, दार बंद केलंत तर मी यातून बाहेर. त्या दिवसांत त्यांचं चालणं इतकं वाढलं, की तळमजल्यावरच्या फरशीवर टेबलापासून खिडकीपर्यंत वाट पडेल अशी मला धास्ती वाटायला लागली. ताईंचा फोन आला, "अहो, झोपेतसुद्धा पाय हलवतात. तुम्ही तरी काही बोला." मी काय बोलणार, कपाळ! मला तर माझी सोळा पानं दिसत होती.

आणि मग तो शनिवार आला. मांजरीच्या तात्यांच्या उसातली पेटी म्हणजे साडूंची विशेष लाडकी, कारण तात्या त्यांच्यासारखेच चौकस. तात्यांनी सहज म्हटलं होतं, "साहेब, पेटीवरचा दिवा सांज झाली की आपसूक लागंल का?" झालं! सूर्य कधी उगवतो, कधी मावळतो, हे काढणारा एक चिमुकला प्रोग्राम साडूंनी शोधून काढला. शनिवारी सकाळी तो तात्यांच्या पेटीत टाकायचा हुकूम त्यांनी वाण्याला सोडला आणि घरी जेवायला आले. आता हा वाणी फार शिस्तीचा. चिमुकली वस्तू आणायची, तरी आधी आख्ख्या बाजारात काय काय मिळतं त्याची यादी मागवणार. ती यादी आली, आणि पेटीतली उरलीसुरली सगळी जागा त्या यादीनेच खाल्ली. सूर्य आत आलाच नाही. इकडे पंपाच्या प्रोग्रामला 'आजचं पाणी देऊन झालं' एवढं टिपून ठेवायला बोटभर जागा मिळेना. टिपलं नाही म्हणजे दिलं नाही, असा त्याचा सरळ हिशेब. तो पाणी देत राहिला. ऊस भिजला, बांध ओलांडला, आणि पाणी शेजाऱ्याच्या काढणीला आलेल्या कोथिंबिरीत जाऊन उभं राहिलं. तात्यांचं आणि त्या शेजाऱ्याचं बांधावरून आधीच बोलणं बंद होतं. त्या दिवशी ते सुरू झालं.

तात्यांचा फोन आला तेव्हा मी साडूंकडेच जेवायला होतो. ताट तसंच टाकून हे उठले, मला मागे बसवलं आणि स्कूटर काढली. कोथरूड ते मांजरी! हडपसरच्या गर्दीत ते मधेच दोन्ही पाय जमिनीला लावून स्कूटर ढकलत होते, जणू इंजिनावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मी त्यांचा खांदा घट्ट धरून बसलो होतो. शेतावर पोचलो तर तात्यांनी फ्यूज काढून पंप बंद केलेला. बांधाच्या एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला शेजारी आणि त्याचा भाऊ, आणि मधे कोथिंबिरीची हिरवी शेंडी तेवढी पाण्याच्या वर. साडूंनी बांधावर बसून लॅपटॉप उघडला, ती भली मोठी यादी शेवटपर्यंत पाहिली. मग चपला काढून चिखलातून शेजाऱ्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "तात्यांचा काही दोष नाही. माझी चूक आहे." शेजारी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "चूक हाय म्हन्तासा, ते खरं. पर कोथिंबीर तर गेली नव्हं." यावर साडूंनी खिशात हात घातला, तो स्क्रू-ड्रायव्हरसाठी नव्हे, पाकिटासाठी. पस्तीस वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

कोथिंबीर सगळी त्यांनीच घेतली. घेतली म्हणजे, शेजाऱ्याने उभं राहून दाखवलं आणि आम्ही दोघांनी दुपारभर गुडघाभर चिखलात वाकून उपटली. माझी पाठ गेली ती अजून पूर्ण परत आलेली नाही. टेम्पो करून माल कोथरूडला आणला. पुढचा आठवडाभर त्यांच्या सोसायटीत मजल्यामजल्यावर कोथिंबीरवडी होत होती, आणि ज्या सेक्रेटरींनी ड्रिलच्या वेळा लिहून दिल्या होत्या ते जिन्यात भेटून विचारत होते, "आणखी आहे का हो?" एरवी साडूंनी या प्रसंगाची दहा जणांना दहा वेळा गोष्ट सांगितली असती. या वेळी एक अक्षर नाही. सोमवारी ऑफिसात जाऊन पल्लवीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वाणी काढ."

तिने काढला. गाठोडं शिवलं, त्याचं वजन, म्हणजे ते किती जागा खातं ते, टिपून ठेवलं. मंगळवारी सकाळी तिने पुन्हा बघितलं तर वजन वाढलेलं. तिने एकेक वस्तू काढून पाहिली, तेव्हा घड्याळाच्या सामानात, 'घड्याळ-जुने' असं नाव धारण करून, वाणी अंग चोरून बसलेला सापडला. "सर! तुम्ही हे काय करून राहिले?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. ऑफिसातली सगळी डोकी वर झाली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याचे केस पिकलेले, आणि खाऊ लपवताना पकडलेल्या पोरासारखा उभा. मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाजही वाटली, कारण साडूंचे डोळे भरले होते. ते बाहेर पार्किंगमध्ये गेले. मी मागोमाग.

दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत ते येरझाऱ्या घालत होते. चार पावलं इकडे, चार तिकडे. मग न थांबताच म्हणाले, "मास्तर, कारखान्यात असताना मी सलाईनचे थेंब मोजणारं एक यंत्र केलं होतं. आतला प्रोग्राम एकदा भरला की कायमचा. पुन्हा हात लावायची सोयच नाही. टेम्पो भरून यंत्रं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये उभा होतो, आणि एकदम लक्षात आलं. एका ठिकाणी मी चुकलो होतो. एकच अट, अगदी क्वचित लागणारी. पण लागली असती तर थेंब चुकले असते." मी विचारलं, "मग?" "मग काय! पत्रं पाठवली, स्वतः दवाखाने फिरलो. काही यंत्रं परत आली. काही कुठे गेली तेच कळलं नाही." ते पहिल्यांदा थांबले. "माझ्या माहितीत कुणाला काही झालं नाही. माझ्या माहितीत." पस्तीस वर्षं मी या माणसाला वैतागलो होतो, त्याच्या नकला करून मेहुण्यांना हसवलं होतं. जो माणूस प्रत्येक वस्तूला दार असावं म्हणून जिवाचं रान करत होता, तो रोज त्या हरवलेल्या यंत्रांच्या मागे धावत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काही मला येत नव्हतं.

पल्लवी दारात येऊन उभी होती. तिने कितपत ऐकलं ते मी विचारलं नाही, पण तिने सांत्वनाचं एक अक्षर काढलं नाही, त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. ती म्हणाली, "सर, आपण दोन इमेजेस करू. एकीत वाणी, एकीत नाही. वाणीवाली पेटी तुमच्या टेबलावर ठेवू. तिच्यात काय टाकायचं ते टाका, मी विचारणार नाही. महिनाभर तिथं नीट चाललं की ते पुढच्या गाठोड्यात घेऊ. शेतात मात्र शिवलेलंच जाईल. चूक निघाली तर आख्खं गाठोडं बदलू, दोनशेच्या दोनशे पेट्यांचं. इथं तपासून मगच. दार राहील, सर. फक्त ते एकट्यानं उघडायचं नाही." साडूंनी शेजारच्या स्कूटरचा आरसा जरासा सरळ केला. मग त्यांनी विचारलं, "आणि बदलणार कोण?" "मी. माझ्यानंतर जो असेल तो." "आणि मी?" ती म्हणाली, "तुम्ही चुका शोधा नं सर. तुमच्याइतकी भीती आमच्यात कुणालाच वाटत नाही." हे त्यांना लागेल असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मान हलवली, आत गेले, आणि अंतिम यादीवर सही केली. सही करताना पेन दोनदा उचललं, तेवढंच.

दोनशे पेट्या गेल्या, मांजरीच्या जुन्या बारा पेट्यांतही तेच शिवलेलं गाठोडं बसलं. माझी पुस्तिका छापून आली. सोळा पानं, आणि एकाही पानावर 'असल्यास' नाही. मी ती छातीशी धरून घरी आणली आणि बायकोला वाचून दाखवली. तिला झोप आली, पण ते असो. साडूंच्या टेबलावर त्यांची ती उघडी पेटी आहे. तिला पंप नाही, म्हणून पंपाच्या जागी एक छोटा बल्ब जोडलाय. बल्ब लागला की पाणी सुटलं असं समजायचं. तिच्यात चंद्राच्या कला आहेत, सूर्योदय आहे, आणि त्या म्हशीसाठी मंद दिवाही आहे. काही गोष्टी पल्लवीने खरोखरच पुढच्या गाठोड्यात घेतल्या. ते मन लावून काम करतात, चुकाही काढतात. पण मधेच हात थांबतो आणि ते त्या बल्बकडे बघत राहतात. एकदा मला म्हणाले, "मास्तर, सगळं ठीक आहे. फक्त यात ऊस नाही."

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई भाजी निवडत होत्या. साडू गॅलरीत उभे राहून फोन लावत होते. शेतातल्या पेटीत आता इथून डोकावता येत नाही, म्हणून ते तात्यांनाच विचारतात; रोज, याच वेळेला, असं ताईंनी मला खुणेने सांगितलं. फोनचा स्पीकर चालू होता.

"तात्या, पाणी सुटलं का?"

"सुटलं की, साहेब."

"वेळेवर?"

"अगदी येळेवर. बंद बी आपसूक झालं."

"बांधापलीकडे काही?"

"टिपूस न्हाई. समदं झ्याक हाय."

आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. साडूंनी ओठ हलवले, काही सुचतंय का बघितलं, कठड्यावर बोटं वाजवली. मग साडू अगदी हळू आवाजात म्हणाले, "नक्की बंद झालंय ना, तात्या?"

तात्यांना ते नक्की माहीत होतं. आत्ताच सांगितलं होतं त्यांनी. तरी ते म्हणाले, "थांबा साहेब, जाऊन बघून येतो. फोन ठिवू नका." आणि मग फोनमधून उसाच्या पात्यांची सळसळ आणि तात्यांच्या वहाणांचा आवाज येत राहिला. साडू फोन दोन्ही हातांत धरून ऐकत होते. ताईंनी भाजीची पाटी बाजूला ठेवली.